कोणाचा म्हातारा

धाकटीला किळस फार. इतकी, की तिच्या किळसेच्या गोष्टी घरी आलेल्या पाहुण्यांना चवीने सांगितल्या जायच्या. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने बेसिनमध्ये दुसऱ्या कुणाचा तरी केस पाहिला आणि भरल्या ताटावरून उठली. ओल्या लादीवर अनवाणी पाऊल पडलं की तिच्या टाळूपर्यंत शिरशिरी जायची. कुणी उष्ट्या हाताने डाव धरला तर ती काही बोलायची नाही, फक्त त्या दिवशी तिला भूक नसायची. थोरल्या दिराने तिचं नाव 'फिनाईल' ठेवलं होतं. "फिनाईल आली, पाय उचला रे," म्हणायचा आणि स्वतःच खो खो हसायचा.

तिचं कामही तिला साजेसंच होतं. इंजेक्शनच्या शिरिंजा बनवणाऱ्या कारखान्यात ती पाकिटं बंद करायच्या खोलीत होती. आत जायचं तर कोपरापर्यंत हात धुवायचे, केस टोपीत कोंबायचे, तोंडावर फडकं, पायात कागदी बूट. नाक खाजलं तर खाजू द्यायचं. दिव्याखाली तबक सरकत यायचं, आणि त्यात एक तंतू जरी दिसला तरी अख्खं तबक बाद. त्या खोलीत तिला सुख वाटायचं. कारखान्याची बस सुटली आणि कुणी शेजारी येऊन शिंकलं, की तिचं सुख संपायचं.

अशा बाईच्या घरात नाना होते.

नाना म्हणजे सासरे. उभी हयात त्यांनी एका यात्रा कंपनीची बस चालवली. डोंगरावरच्या देवळाला जाणारी बस. घाटात लोकांना गाडी लागायची, पोरं ओकायची, म्हातारे ओकायचे. खालच्या तळावर गाडी लागली की प्रवासी हात जोडत वर जायचे आणि नाना बादली घेऊन गाडी धुवायला घ्यायचे. धुणं झालं की चाकं बघायची, बसच्या सावलीत फडकं टाकून आडवं व्हायचं. गाडी सोडून कुठे जायचं नाही, असा मालकाचा हुकूम होता. गावंच्या गावं त्यांनी देवाच्या दारात नेऊन सोडली, पण स्वतः एकदाही वर गेले नाहीत. कुणी छेडलं तर म्हणायचे, "निवृत्त होऊ दे. तिकीट काढून जाईन, प्रवाशासारखा. खिडकीशी बसेन आणि ड्रायव्हरला हळू चालव म्हणेन."

निवृत्त झाले आणि सासूबाईंनी अंथरूण धरलं. त्या गेल्या, आणि वर्ष सरत नाही तोच नानांची डावी बाजू गेली. पुढे थोडं चालता येऊ लागलं, बोलणं सुधारलं, पण पोटावरचा ताबा गेला तो गेला. रोज नाही, पण कधी होईल सांगता यायचं नाही.

घर दुमजली होतं. वर थोरला आणि थोरली, खाली धाकटा, धाकटी आणि न्हाणीघराला लागून नानांची खोली. नानांना धुवायचं काम धाकट्याचं. कामावर जाण्याआधी आणि आल्यावर तो ते मुकाट्याने करायचा. मधल्या वेळेला एक बाई यायची. धाकटी कपडे काठीने उचलून बादलीत टाकायची, वर फिनाईल ओतायची आणि दार लावून घ्यायची. इतक्या वर्षांत तिने नानांच्या अंगाला हात लावला नव्हता. नाना तिला कधी काही बोलले नाहीत. ती खोलीत आली की ते नजर खिडकीकडे वळवायचे, तिला बरं पडावं म्हणून.

थोरल्याचं बाथरूमच्या सामानाचं दुकान होतं. नळ, टाइल्स, कमोड. यंदा त्याने हमरस्त्यावर मोठी शोरूम उघडली आणि काचेआड कमोड मांडले, दागिने मांडावेत तसे. शोरूम चालू लागली आणि त्याला देव आठवला.

"सगळ्यांनी जायचं," त्याने जेवताना जाहीर केलं. "डोंगरावरच्या देवाला. आजवर आपल्या घरातलं कोणी गेलं नाही, शोभत नाही ते. मोठी गाडी करू. आत ओळख लावली आहे, रांगेत सडायला नको."

नानांचा घास हातातच राहिला. "सगळ्यांनी?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी, नाना."

त्या दिवसापासून नानांच्या अंगात वारं शिरलं. गाडी कोणती, ड्रायव्हर कोण, त्याने तो घाट कधी केलाय का, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागले. कपाटातला पांढरा शर्ट काढायला लावला. धाकट्याकडून दाढी रोज करून घेऊ लागले. एकदा धाकटी कामावरून आली तर ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. पाय लटपटत होते, घाम फुटला होता.

"काय करताय नाना?"

"सराव," ते म्हणाले. "पायऱ्या असतात तिथे."

वरच्या मजल्यावर थोरलीची तयारी जोरात होती. ती दुपारभर मोबाइलवर देवदर्शनाचे व्हिडिओ बघायची आणि संध्याकाळी खाली येऊन धाकटीला शिकवायची. कोऱ्या कपड्यांची घडी आधी मोडायची नाही. आंघोळीनंतर कुणाला शिवायचं नाही. प्रदक्षिणा उजवीकडून. आत गेल्यावर डोळे मिटायचे नाहीत, डोळे भरून बघायचं. धाकटीच्या माहेरी देवधर्म नव्हता, तिने देऊळ आतून कधी पाहिलं नव्हतं. ती हे सगळं निमूट ऐकायची. तिला एकच प्रश्न होता.

"ताई, चप्पल किती आधी काढायची?"

"पहिल्या पायरीशी! मग काय बूट घालून जाणार देवापुढे?"

"म्हणजे सगळा रस्ता अनवाणी? लोक जिथून ओले पाय घेऊन जातात तिथून?"

"मन शुद्ध असलं की पायाला काही लागत नाही," थोरली म्हणाली आणि नखं रंगवायला वर गेली. धाकटीने रात्रीच्या भांड्यांआधी आपल्या पिशवीत ओल्या रुमालांची पाकिटं, जुने मोजे आणि जंतुनाशकाची बाटली गुपचूप भरून ठेवली.

निघायला थोडे दिवस राहिले असताना थोरला तिला म्हणाला, "रविवारी माझ्याबरोबर चल. एक जागा बघायची आहे. तुझं नाक चांगलं आहे, तू पास केलंस म्हणजे मग कुणी नावं ठेवणार नाही."

शोरूमसाठी गोदाम बघायचं असेल असं तिला वाटलं. गाडी एका बैठ्या घरापुढे थांबली. दारावर 'ज्येष्ठ देखभाल केंद्र' अशी पाटी. आत पाऊल टाकताच वास अंगावर आला. लघवीचा वास, त्यावर गुलाबाच्या स्वस्त अत्तराचा फवारा, आणि दोन्हींच्या खाली काहीतरी शिळं, उकडलेलं. लांबट खोलीत दोन्ही बाजूंना खाटा. एका म्हाताऱ्याच्या चादरीवर माश्या बसल्या होत्या आणि त्या हाकलायला त्याचा हात उठत नव्हता. का उठत नव्हता ते तिने वाकून पाहिलं. मनगट कापडाच्या पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेलं होतं. पट्टी काळपट, चिकट झाली होती. खालची कातडी सोललेली.

"पडतात हो," व्यवस्थापक म्हणाला. "त्यांच्या भल्यासाठीच."

"बरोबर आहे," थोरला म्हणाला.

धाकटी नाकाला ओढणी लावून उभी. व्यवस्थापकाने चहा मागवला. तिने कपाला हात लावला नाही. थोरल्याने चहात बिस्कीट बुडवलं, ते मऊ होऊन कपात पडलं, ते त्याने बोटाने काढून खाल्लं, बोट चाटलं आणि मग सांगितलं, "आमचे वडील तीन-चार दिवसच राहतील. फक्त परत नेताना गाडीत वास यायला नको, एवढं बघा. नवी गाडी आहे."

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला.

थोरला मात्र आता उठून तिथलं न्हाणीघर बघत होता. फुटका कमोड, पिवळट भांडं, गळका नळ. त्याने खिशातून कार्ड काढलं. "हे सगळं बदलून टाका. आमच्याकडे म्हाताऱ्यांसाठी खास कमोड आलेत, उंच, दोन्ही बाजूंना दांडे. तुम्हाला माफक दरात लावून देतो."

मागे तो बांधलेला म्हातारा "बाबा, बाबा" करून कुणाला तरी हाका मारत होता. थोरला त्याच्या खाटेला वळसा घालून बाहेर पडला, पँटचा काठ सांभाळत.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "काय, फिनाईल? चालेल ना?"

तिची नजर त्याच्या बोटावर होती. ते बोट स्टिअरिंगवर ठेका धरत होतं, अजून ओलं. तिला खिडकीची काच खाली करावी लागली.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला न्हाणीघरात गाठलं. तो नानांची चादर पिळत होता. "तुम्हाला माहीत होतं?"

तो पिळतच राहिला. "दादा म्हणत होता."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"मग काय करू? दिवसभर गाडीत, वर देवळात... कुठे झालं म्हणजे? मी एकटा कुठे-कुठे पुरणार?" मग चादर खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "तू धुशील? नाही ना? मग."

ती ताटं मांडायला निघून गेली. जेवताना थोरलीने तेच वाक्य वेष्टणात गुंडाळून पुढे केलं.

"खरं सांगायचं तर आम्ही तुझाच विचार केला गं. तुला सहन होत नाही, माहीत आहे आम्हाला. प्रवासभर तू नाक धरून बसणार, मग तुझं पहिलंवहिलं दर्शन कसलं? उद्या नानांनी विचारलं तर तसंच सांगू, धाकटीला झेपत नाही म्हणून. ते समजून घेतील. तुझ्यावर त्यांचा राग नाही."

दार उघडं होतं. नानांची खोली हाकेच्या अंतरावर. आतून नानांच्या खोकण्याचा आवाज आला आणि थांबला.

आयुष्यभर धाकटीला घाणीची किळस आली होती. माणसाची अशी पहिल्यांदाच आली. थोरलीच्या ओठाच्या कोपऱ्यात तुपाचा थेंब लकाकत होता. तो बघताना तिला वाटलं, ते चाटलेलं बोट, ही रंगवलेली नखं, हे गोड बोलणं, सगळं एका फडक्यात धरून बाहेर नेऊन टाकावं आणि मग हात धुवावेत. आणि या दोघांनी आपल्या घाणीवर झाकण म्हणून वापरली होती तिची किळस!

"नाना येतील," ती म्हणाली. "मी धुवेन."

थोरला इतका हसला की त्याला ठसका लागला. "फिनाईल धुणार! अगं, तू स्वतःच्या चपलेला हात लावत नाहीस."

"मी धुवेन म्हटलं ना. माझं नाव पुढे करून त्यांना तिथे टाकायचं नाही."

बोलून तर बसली. आता करायचं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवऱ्याला बाजूला केलं. दोन्ही हातांत रबरी मोजे, तोंडावर कारखान्यातलं फडकं, वर ओढणी. नानांची पांघरूण धरलेली मूठ सुटेना. "तू नको, पोरी," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "तो येऊ दे."

"तो देवळात प्रत्येक वेळी जवळ असेलच असं नाही. सवय व्हायला हवी, तुम्हालाही आणि मलाही."

पांघरूण काढलं आणि वास तिच्या फडक्यातून, ओढणीतून थेट घशात उतरला. कातडी, सुरकुत्या, आणि त्यात भरलेलं ते. तिने एकदा फडकं फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं आणि धावत जाऊन बेसिनमध्ये भडाभडा ओकली. परत आली. पुन्हा ओकली. तिसऱ्यांदा आली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाना म्हणत होते, "नाकाने नाही. नाकाने श्वास घेऊच नको. तोंड उघड आणि काहीतरी मोठ्याने बोलत राहा. आम्ही गाडी तशीच धुवायचो. माझा क्लीनर पाढे म्हणायचा."

तिने पाढे म्हटले. तेराच्या पाढ्यात अडखळली, तर नानांनी पुढचं सांगितलं. तेराचा संपेपर्यंत नाना स्वच्छ झाले होते आणि दोघांनाही एकमेकांकडे बघायची लाज वाटत होती. नंतर तिने साबणाची अर्धी वडी हाताला झिजवली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी थोडं जेवली.

निघायच्या दिवशी थोरली पुढच्या सीटवर बसली, अत्तराचा रुमाल नाकाशी धरून. नाना मागे, खिडकीशी, पांढऱ्या शर्टात. त्यांच्याखाली मेणकापड, शेजारी धाकटी, पायाशी बादली आणि पिशव्या. घाट लागला आणि नानांचा चेहरा उजळला. "दुसऱ्या गिअरवर घे, दुसऱ्यावर," ते ड्रायव्हरला ओरडून सांगत होते. "पुढचं वळण फसवं आहे. हॉर्न दे." ड्रायव्हर हसत होता आणि ऐकतही होता. वाटेत एकदा गाडी थांबवावी लागली. झुडपाआड धाकट्याने धरलं, धाकटीने धुतलं. थोरला घड्याळ बघत लांब उभा होता आणि थोरली म्हणत होती, "मी आधीच सांगितलं होतं." तळावर पोचल्यावर नानांनी एका झाडाखालची जागा दाखवली. "तिथे झोपायचो," ते म्हणाले. तिथे आता प्लेटा आणि बाटल्यांचा ढीग होता, आणि त्यात एक कुत्रं तोंड खुपसून उभं होतं.

वर जायला चाकाची खुर्ची मिळाली आणि पायऱ्यांशेजारून चढाची वाट होती. पहिल्या पायरीशी चपला काढल्या. धाकटीने पायांतले मोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. तळपायाखाली ओली फरशी लागली. चुरगळलेली फुलं, सांडून आंबलेलं दूध, कुणाच्यातरी पायाचा सुटलेला चिकटपट्टीचा तुकडा. ती टाचांवर चालायचा प्रयत्न करायची आणि खुर्ची ढकलायला टाचा पुरायच्या नाहीत. शेवटी पूर्ण पाऊल टेकवलं आणि अंग आक्रसून पुढे झाली. सगळ्यांच्या चपला आणि मोबाइल ठेवायला धाकटा खिडकीपाशी गेला, आणि तिथली ओळ भली मोठी होती. "तू ये मागून," थोरला म्हणाला. "आमची वेळ ठरलेली आहे."

ओळखीची रांगही रांगच होती. लोखंडी दांड्यांमधली अरुंद वाट, घामेजलेली अंगं, वर पंखे, पुढून घंटेचा आवाज. थोरला पुढे, मग थोरली, मग खुर्ची. आणि अगदी मध्यावर, जिथून ना मागे जाता येईल ना पुढे, तिथे नानांनी धाकटीचा हात घट्ट धरला.

"झालं," ते कुजबुजले.

वास यायला वेळ लागला नाही. मागची बाई "शी!" म्हणाली. तिच्या नवऱ्याने नाक दाबलं. आजूबाजूची माणसं अंग चोरून दांड्यांना चिकटली. खुर्चीखाली थेंब पडले, तिथून पोरांना उचलून घेतलं गेलं. "देवाच्या दारात ही घाण!" कुणीतरी म्हणालं. मग पलीकडच्या रांगेतला एक दणकट गृहस्थ मोठ्याने म्हणाला, "कोणाचा म्हातारा आहे हा? बरोबर कोण आहे?"

थोरला हातभर अंतरावर होता. त्याने ऐकलं. त्याची मान आखडलेली धाकटीला मागून दिसली. मग तो सावकाश वर छताकडे बघू लागला, तिथली नक्षी जणू कुणी त्याला समजावून सांगत होतं. थोरलीने आपल्या कोऱ्या कपड्यांचा घोळ गोळा करून पोटाशी धरला. पुढची रांग सरकली आणि दोघं सरकली. नाना आपल्या मुलाच्या पाठीकडे बघत होते. मग त्यांनी नजर खाली, आपल्या गुडघ्यांवर आणली.

"माझा आहे," धाकटी म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की तिलाच दचकायला झालं. "माझे सासरे आहेत. वाट द्या."

वाट लगेच मिळाली. घाणीला सगळे वाट देतात.

देवळामागची शौचालयं बघून मात्र तिचं उसनं अवसान गळालं. उंबऱ्यापर्यंत काळं पाणी साचलं होतं. भिंतींवर बोटं पुसलेली. एका भांड्यावर पाणी न टाकताच कुणीतरी गेलं होतं, आणि कोपऱ्यात दर्शनाला आलेल्यांनी फेकलेले हार कुजत होते. ती त्या पाण्यात अनवाणी उभी होती. बोटांच्या बेचक्यांतून ते वर येत होतं. ती भिंतीला न टेकता वाकली आणि सकाळपासूनचं सगळं ओकली.

झाडू घेऊन उभी असलेली सफाईवाली हे बघत होती. "नळाला पाणी नाही," ती म्हणाली. "पंपाचं आणते. पण मला धरायला सांगू नका, माझी पाठ गेलीय."

"पाणी आणा, बास."

बाईने दोन बादल्या आणल्या आणि बाहेर दाराशी पाठ करून उभी राहिली, कुणी आत येऊ नये म्हणून. धाकटीने खुर्चीला अडकवलेल्या पिशवीतून हातमोजे काढून चढवले, तोंड उघडलं आणि तेराचा पाढा सुरू केला. नाना दांडा धरून उभे होते. ते रडत होते हे तिला उशिरा कळलं.

"मला खाली ने," ते म्हणाले. "गाडीपाशी. माझी जागा तिथेच आहे."

"तेरा साते एक्याण्णव," ती म्हणाली. "हलू नका. तेरा आठे?"

तिने फडकं पिळलं.

"तेरा आठे किती, नाना?"

"एकशे चार," ते म्हणाले आणि नाक ओढलं.

शर्ट बदलला, लेंगा बदलला. खुर्ची घेऊन ती पुन्हा देवळाच्या दाराशी आली, तर तिथल्या पहारेकऱ्याने हात आडवा धरला. वास अजून होताच. कपड्यांना होता, खुर्चीला होता, तिच्या केसांना होता. रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. आता हा परत पाठवणार, तिला वाटलं. पण पहारेकरी नाक मुरडून आत ओरडला, "बाजूचं दार उघड रे! हे आधी काढ, रांग अडते." आणि ज्या दाराने बडे लोक जातात त्या दाराने त्याने खुर्ची आत लोटली, लवकर आत जाऊन लवकर बाहेर पडावी म्हणून.

ते थेट देवापुढेच आले. मध्ये कोणी नव्हतं. धाकटीने डोळे उघडे ठेवले. फुलांच्या ढिगाऱ्यातून मूर्तीचा थोडासा चेहरा दिसत होता, काळा, तेलकट, आणि समयांचा धूर. तिला काही वाटलं नाही. भक्ती आली नाही, रडू आलं नाही. आपल्या हाताला वास येतोय एवढंच तिला कळत होतं.

नाना खुर्चीत पुढे झुकले. चांगला हात त्यांनी कपाळाशी नेला, सलाम करावा तसा.

"मी," ते मोठ्याने म्हणाले. "खाली गाडीत असायचो, तो."

पुजारी हार घेऊन थबकला. पहारेकरी "चला, चला" म्हणायला तोंड उघडून तसाच राहिला. थोडाच वेळ. मग त्याने खुर्ची बाहेर ढकलली.

बाहेरच्या ओट्यावर थोरला आणि थोरली हातात प्रसाद घेऊन उभी होती. धाकटाही आला होता, खिडकीवरून सोडवून आणलेल्या चपला-मोबाइलची पिशवी छातीशी धरून, घामाघूम. थोरल्याने धुतलेले नाना पाहिले आणि त्याला उमाळा आला. "झालं ना दर्शन, नाना? मनासारखं?" तो त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला आणि धाकट्याला म्हणाला, "काढ रे फोटो. देऊळ मागे येऊ दे. शोरूममध्ये लावू." मग धाकटीकडे वळून त्याने तळहातावरचा प्रसाद पुढे केला. "घे, फिनाईल. आज तू कमाल केलीस."

तिने त्या तळहाताकडे पाहिलं. स्वच्छ होता तो. नखं कापलेली, साखरेचे कण चमकत होते. आणि तिच्या घशाशी तेच आलं जे शौचालयात आलं होतं.

"तुमच्या हातचं नको," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कोणाचा म्हातारा म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही छताकडे बघत होतात."

थोरल्याने हसायचा प्रयत्न केला. "अगं, गर्दीत मला ऐकू..."

"ऐकलंत. नानांनीही पाहिलं."

थोरली म्हणाली, "देवाच्या दारात तरी भांडू नका." धाकट्याने हातातला मोबाइल खाली घेतला. त्याने भावाकडे पाहिलं, मग वडिलांकडे. खांद्यावरचा थोरल्याचा हात नानांनी चांगल्या हाताने उचलला आणि एखादी जड पिशवी बाजूला ठेवावी तसा बाजूला ठेवला. फोटो निघालाच नाही. धाकट्याने वाकून नानांच्या पायांत चपला घातल्या आणि तो खुर्ची ढकलत उतरणीला लागला.

महिन्याभरात वरच्या मजल्याला बाहेरून वेगळा जिना झाला. थोरला सगळीकडे सांगतो की धाकटीला देवदर्शन मानवलं नाही, डोक्यात गेलं. सांगू दे.

ती अजून त्या कारखान्यातच आहे. संध्याकाळी धाकट्याला उशीर होतो तेव्हा नानांचं ती करते. किळस गेली आहे असं कुणी म्हटलं तर ते खोटं. रोज ती तोंडाने श्वास घेते, आणि झाल्यावर साबण तसाच झिजतो. मात्र फाटकाशी थोरला समोरून आला की ती भिंतीकडे सरकते, त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून, आणि तो गेल्यावर त्याने धरलेली फाटकाची कडी तिच्याच्याने धरवत नाही.

काल नाना म्हणाले, "पाणी फार गार आहे आज."

"गॅस संपलाय," ती म्हणाली. "हलू नका."